बाग विकायची की थांबायचं: मालवणच्या एका जोडप्याचा ब्रिटनचा व्हिसा

मी मराठी-इंग्रजी भाषांतराची कामं करते. सिंधुदुर्गात या कामाला दोन हंगाम: बोटीवर जाणाऱ्या मुलांची कागदपत्रं, आणि परदेशी शिक्षणाला निघालेल्यांची. नवरा-बायकोच्या व्हिसाचं काम क्वचित येतं. हे प्रकरण माझ्याकडे लग्नपत्रिकेच्या भाषांतरापुरतं आलं आणि सव्वा वर्ष माझ्या टेबलावर राहिलं. दोघांची परवानगी घेऊन लिहिते आहे. नावं बदलली आहेत.

पार्श्वभूमी

सुहास मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावाचा. रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून त्याने बी.एफ.एस्सी. केलं आणि गावी परतून पर्यटकांना स्नॉर्कलिंगला नेणारी बोट घेतली. घरच्या चार खोल्या पाहुण्यांना देतात. मागे हापूसची आणि काजूची बाग आहे. सातबाऱ्यावर वडिलांबरोबर दोन काकांची नावं.

एमा इंग्लंडची. प्राथमिक शिक्षिकेचं प्रशिक्षण पूर्ण करून एक वर्ष शिकवलं आणि मग फिरायला निघाली. जानेवारी २०२३ मध्ये चार दिवसांसाठी या घरात उतरली आणि सात आठवडे राहिली. १ डिसेंबर २०२३ ला परत आली ती लग्न करायचं ठरवूनच. ती ख्रिश्चन, तो हिंदू, त्यामुळे नोंदणी विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे १९५४ च्या. जानेवारीत नोटीस लावली, हरकतीसाठीचे ३० दिवस सरले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तीन साक्षीदारांच्या सह्यांनी लग्न नोंदलं गेलं. बारा दिवसांनी गावात मांडव पडला, अंतरपाट धरला, जेवणावळ झाली. या दोन तारखांची गोष्ट पुढे येते.

गावातच राहायचा बेत होता. मार्चमध्ये एमाच्या आईच्या कंबरेच्या सांध्याचं दुखणं वाढलं. एमा एकुलती एक, वडील नाहीत. काही वर्षं तरी तिकडे राहायला हवं, हे दोघांनी ठरवलं.

अडचण

ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराला व्हिसा देताना तिथलं सरकार त्या नागरिकाचं उत्पन्न बघतं. ही अट वर्षाला १८,६०० पौंडांची होती. ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० झाली, आपल्या हिशेबाने तीस लाखांच्या वर. यात फक्त एमाचं उत्पन्न धरलं जाणार होतं. सुहासची बोट हंगामात चांगले पैसे आणत होती, खोल्यांचं भाडं होतं, आंब्याचं उत्पन्न होतं. पण अर्जदार परदेशातून अर्ज करतो तेव्हा त्याचा पगार किंवा धंदा या अटीत मोजत नाहीत. आणि एमाची त्या काळातली कमाई म्हणजे ऑनलाइन शिकवण्यांचे थोडेसे पैसे.

सुहासच्या वडिलांना हे पटवणं सर्वांत कठीण गेलं. "कमावणारो झिल, आणि पगार सुनेचो बघतले?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत. प्रश्न रास्त होता. नियम मात्र असाच आहे, आणि तो पहिल्या दिवशी नीट समजला असता तर पुढचे कित्येक हेलपाटे वाचले असते. आमच्याकडे कुणी परदेशी निघालं की घरचे आधी सातबारा, घरपट्टी आणि आठ-अ काढायला धावतात. या घरानेही तेच केलं. मी त्यातल्या अकरा पानांचं भाषांतर केलं, पैसे घेतले, आणि त्यातलं एकही पान अर्जाला लागलं नाही. ते पैसे मी नंतर परत केले.

समोर असलेले मार्ग

पहिला सल्ला तालुक्याच्या गावातल्या एका एजंटाचा: सुहासला पर्यटक म्हणून पाठवू, तिथे गेल्यावर व्हिसा बदलून घेऊ. हे होत नाही. पर्यटक व्हिसावर असलेल्या माणसाला ब्रिटनमध्ये राहून जोडीदाराच्या व्हिसावर जाता येत नाही. परत यावंच लागतं. शिवाय राहायला जायचा बेत असताना फिरायला जातोय असं लिहायचं, हेच मुळात खोटं. सुहास जवळजवळ पैसे भरून बसला होता. एमाने हट्टाने त्याला थांबवलं.

त्याच एजंटाचा दुसरा सल्ला ११ एप्रिलच्या आत अर्ज टाकून द्यायचा. जुन्या अटीत बसायला एमाचा १८,६०० चा पगार तरी हवा होता, नाहीतर ६२,५०० पौंडांची शिल्लक. दोन्ही नव्हतं. अर्ज फेटाळला गेला असता, फी गेली असती आणि नकाराची नोंद कायमची मागे लागली असती.

तिसरा मार्ग भारतातच राहण्याचा. नोंदवलेल्या लग्नाला सलग दोन वर्षं झाली की एमा ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करू शकली असती. सुहासच्या आईंना तोच हवा होता. इंग्लंडमधल्या आईचं काय, या प्रश्नावर तो मार्ग सोडावा लागला.

राहिले दोन मार्ग, आणि या घराची खरी ओढाताण त्यांच्यातच झाली. एकात शिल्लक रक्कम दाखवायची. पगार अजिबात नसेल तर ८८,५०० पौंड सलग सहा महिने दोघांपैकी एकाच्या किंवा दोघांच्या खात्यात असायला हवेत. तेव्हाच्या भावाने नव्वद लाखांच्या वर. दुसऱ्यात एमाने एकटीने पुढे जायचं, नोकरी धरायची, सहा महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या जमवायच्या आणि मग सुहासने अर्ज करायचा. म्हणजे लग्नानंतर तीन-चार महिन्यांतच वर्षभराचा दुरावा.

बागेचा निर्णय

एप्रिलच्या मध्यावर, आंबा उतरवायची घाई चालू असताना, मला त्यांच्या घरी बोलावलं. पडवीत पेट्या भरत होते. पेंढ्याचा थर, त्यावर फळ, पुन्हा पेंढा. सुहासचे वडील हातातलं काम न थांबवता बोलत होते. एका ओळखीच्या माणसाने बागेला किंमत सांगितली होती. काका सह्या द्यायला तयार होते, त्यांना त्यांचा वाटा हवा होता. वडिलांचा वाटा, पतसंस्थेतली १४ लाखांची ठेव आणि एमाकडचे थोडे पैसे एकत्र केले तर ८८,५०० च्या आसपास पोचता येत होतं.

"बाग इकूक माझी ना नाय," ते म्हणाले. "पण फुडे ह्येंका परत येवचा झाला, तर येतले खंय?"

मी त्या दिवशी तीन गोष्टी कागदावर मांडल्या. एक, सहा महिन्यांचं घड्याळ पैसे दोघांच्या खात्यात आल्यावर सुरू होतं, सौदा ठरल्यावर नाही. सामाईक सातबाऱ्यावरचा व्यवहार, सह्या, नोंदणी यात पावसाळा गेला असता, आणि त्यानंतर सहा महिने. दोन, पतसंस्थेतली ठेव जिथे आहे तिथून चालण्यासारखी नव्हती. बँक नियामकाच्या देखरेखीखाली असावी, नोंदी संगणकावर असाव्यात आणि तिकडच्या अधिकाऱ्याला पडताळणी करता यावी, अशी अट असते. म्हणून ते पैसे आधी सुहासच्या राष्ट्रीयीकृत बँकेतल्या खात्यात आणावे लागले असते. तीन, पैसे बक्षीस म्हणून दिलेले चालतात, उसने घेतलेले चालत नाहीत. दोन नातेवाईक "वरचे चार-पाच लाख आम्ही तेवढ्यापुरते ठेवतो" म्हणत होते, ते यात बसत नव्हतं.

वेळेच्या हिशेबात बाग विकूनही फारतर दोन-तीन महिने वाचत होते. तेवढ्यासाठी कलमं विकायची नाहीत, असं मी स्पष्ट सांगितलं. भाषांतरकाराने असं बोलावं की नाही, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. पण तिथे दुसरं कुणी हे बोलणार नव्हतं: मुलगा बापाला सांगू शकत नव्हता, सून सासऱ्याला. निर्णय एमाने घेतला. ती एकटी पुढे जाणार.

लग्नाच्या दाखल्यातलं नाव

एमाचे १८० दिवस मेअखेरीस भरत होते. ई-व्हिसावर ब्रिटिश पर्यटकाला एका वेळी सलग तेवढंच राहता येतं. जाण्याच्या आठवडाभर आधी मी दोघांची कागदपत्रं एकमेकांशी ताडून बघायला बसले. पासपोर्टवर एमाची दोन नावं आणि आडनाव. लग्नाच्या दाखल्यावर पहिलं नाव, मग तिच्या वडिलांचं नाव, मग आडनाव.

चूक कशी झाली ते लगेच कळलं. आपल्या फॉर्मवर मधला रकाना वडिलांचा किंवा नवऱ्याचा असतो. लिहिणाऱ्याने विचारलं, "वडिलांचं नाव?" तिने सांगितलं. तिचं स्वतःचं दुसरं नाव लिहायला जागाच नव्हती. मराठी डोळ्याला ते नाव इतकं सरळ दिसतं की फेब्रुवारीपासून कुणालाच खटकलं नाही. मीही साक्षीदार म्हणून त्याच पानावर सही केली होती.

विशेष विवाह कायद्यात अशी चूक विवाह अधिकारी समासात नोंद करून दुरुस्त करू शकतो, आणि ती दुरुस्ती ज्यांचं लग्न झालं त्यांच्यासमोर व्हावी अशी अपेक्षा असते. एमा गेल्यानंतर हे लक्षात आलं असतं तर दोन विश्वासू साक्षीदार शोधण्यापासून सगळं नव्याने सुरू झालं असतं. विमानाच्या तीन दिवस आधी दोघं जाऊन उभी राहिली, समासात नोंद झाली, नवी प्रमाणित प्रत मिळाली. या संपूर्ण प्रकरणात नशिबाने साथ दिली ती एवढीच.

नोकरीचा निर्णय

इंग्लंडमध्ये शिक्षकांचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं. एमाला जूनमध्येच बदली शिक्षिकेचं रोजंदारीवरचं काम मिळत होतं. लवकर सुरुवात म्हणजे लवकर सहा महिने, असं सुहासला वाटत होतं. पण रोजंदारीच्या कामात सहा महिन्यांची सरासरी काढतात, आणि ऑगस्टमध्ये शाळा बंद, म्हणजे पगार शून्य. ती सरासरी अटीच्या खाली गेली असती. म्हणून कायम नोकरी, १ सप्टेंबरपासून.

दोन शाळांनी तिला बोलावलं. एक आईच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण आठवड्याला चार दिवस. दुसरी दुसऱ्या गावात, पूर्ण वेळ. त्या वर्षी लंडनबाहेर शिक्षकांच्या पहिल्या पायरीचा पगार ३१,६५० पौंड होता. पाच दिवसांना ३१,६५०, चार दिवसांना २५,३२०. हव्या असलेल्या आकड्यापेक्षा ३,६८० कमी. एमाने लांबची शाळा घेतली, तिथे खोली घेतली आणि शनिवार-रविवारी आईकडे जाऊ लागली.

पहिल्याच पगारचिठ्ठीने आम्हाला घाबरवलं. सप्टेंबरची रक्कम २,५०० आली, म्हणजे वर्षाला ३०,०००. ऑक्टोबरची २,७७५. नव्या वेतनवाढीचा आदेश शाळेत उशिरा लागू झाला होता आणि फरक पुढच्या महिन्यात जोडून दिला होता. ठरलेला पगार असेल तर सहा महिन्यांतली सर्वांत कमी पातळी धरतात. ती ३०,००० निघाली, म्हणजे अटीच्या वर. पण जुना पगार दीड हजाराने कमी असता तर पूर्ण एक महिना फुकट गेला असता, हे मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलं आहे.

इकडे मालवणात

पावसाळ्यात बोटी ओढलेल्या, समुद्र बंद. सुहास मोकळा होता, म्हणून मीच सुचवलं की मुंबईची कामं उरकून घे. ऑगस्टमध्ये तो कुडाळहून रात्रीच्या कोकणकन्येने गेला, इंग्रजीची परीक्षा दिली आणि ठरवून दिलेल्या दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी केली. इंग्रजीची परीक्षा अगदी पहिल्या पातळीची, जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची. दोन उमेदवार, समोर परीक्षक, नुसतं ऐकणं आणि बोलणं. त्याच्याबरोबर पंजाबातून आलेली एक मुलगी होती. दोघांनी मिळून आठवड्याच्या बाजाराची यादी ठरवायची होती. हा प्रसंग तो अजून रंगवून सांगतो.

परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो. क्षयरोगाचा दाखला सहा महिनेच. सप्टेंबरला सुरू झालेल्या नोकरीचे सहा महिने फेब्रुवारीअखेर भरणार, हे मला माहीत होतं, तरी ऑगस्टचा दाखला फेब्रुवारीत संपेल हे मी मोजलं नाही. त्याला पुन्हा मुंबईला जावं लागलं, ऐन हंगामात, बोट दुसऱ्याच्या हाती देऊन.

नातं खरं आहे हे दाखवण्याचे कागद निवडणं हे माझ्या आवडीचं काम. सुहासने फोनमधले सगळे संदेश छापायचं ठरवलं होतं, हजारो पानं झाली असती. आम्ही दर महिन्यातले दोन-तीन दिवस घेतले. त्याहून भक्कम पुरावा घरातच निघाला. परदेशी पाहुणा उतरला की घरमालकाला तेव्हा २४ तासांत फॉर्म सी ऑनलाइन भरावा लागायचा. सुहासच्या वडिलांनी तो दोन्ही वेळा भरला होता आणि छापील प्रती तारखेसह फाइलला लावल्या होत्या. भाड्याच्या खोलीतली पाहुणी दुसऱ्या वेळी त्याच पत्त्यावर सहा महिने राहिली, हे त्या दोन कागदांइतकं स्वच्छ कशातूनच दिसलं नसतं.

लग्नपत्रिकेने मला दोनदा अडवलं. 'चि. सौ. कां. एमा' यातल्या 'सौ.'चं भाषांतर मी सवयीने 'मिसेस' केलं होतं. वाचणाऱ्याला वाटलं असतं की ही बाई लग्नाआधीच विवाहित होती. 'सौभाग्यकांक्षिणी'चा अर्थ लग्नाच्या उंबरठ्यावरची मुलगी, तो एका ओळीत खाली लिहिला. दुसरी अडचण तारखेची. पत्रिकेवरचा मुहूर्त नोंदणीनंतर बारा दिवसांचा. पत्रिका वगळावी असा एक विचार आला. पण फोटो त्याच दिवसाचे होते, आणि लपवलेली गोष्ट अधिक शंका आणते. म्हणून अर्जात लग्नाची तारीख नोंदणीचीच लिहिली आणि सोबतच्या पत्रात दोन तारखांचं कारण तीन वाक्यांत सांगितलं.

अर्ज आणि निकाल

फेब्रुवारी २०२५ ची पगारचिठ्ठी हाती आल्यावर २८ दिवसांची शर्यत असते, कारण पगारचिठ्ठ्या आणि बँकेचा उतारा अर्जाच्या दिवशी त्याहून शिळे चालत नाहीत. शाळेच्या पहिल्या पत्रात पगार होता, पण नोकरी कायम आहे का आणि या पगारावर केव्हापासून आहे, ते नव्हतं. पत्र परत मागवलं. आठवड्यात आलं.

८ मार्चला अर्ज गेला. फी १,८४६ पौंड. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५, आणि ३३ महिन्यांच्या व्हिसाला तो तीन पूर्ण वर्षांचा लागतो, म्हणजे ३,१०५. दोन्ही मिळून साडेपाच लाखांच्या आसपास. पतसंस्थेतली ठेव मोडली ती यासाठी. एप्रिलमध्ये फी वाढून १,९३८ झाली. मुंबईत बोटांचे ठसे दिले आणि सुहास बोटीवर परतला.

जूनच्या मध्यावर ईमेल आला. तेव्हा मालवणात दोन दिवस वीज नव्हती. तो सायकलवरून बाजारात आला, दुकानदाराच्या फोनवर ईमेल उघडला आणि तसाच माझ्याकडे आला. पहिल्या ओळीचा अर्थ त्याला कळला होता, तरी मी मोठ्याने मराठीत वाचून दाखवावी असं त्याला वाटत होतं. मी वाचली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो गेला. पहिली मुदत ३३ महिन्यांची. त्यानंतरच्या मुदतवाढीत तिथल्या नोकरीतलं त्याचं उत्पन्नही मोजलं जाईल.

काय वेगळं करता आलं असतं

क्षयरोगाच्या दाखल्याची चूक माझी. आता मी प्रत्येक कागदासमोर तो कधी मरतो ती तारीख लिहिते, आणि कामाची सुरुवात अर्जाच्या दिवसापासून उलटं मोजत करते. लग्नाच्या नोंदणीआधीच परदेशी व्यक्तीच्या पासपोर्टची प्रत समोर ठेवून नाव उतरवायला हवं होतं, मधल्या रकान्यात काय जाणार ते विचारून.

पण मला सर्वांत जास्त लागून राहिलेली गोष्ट वेगळी आहे. पगार आणि शिल्लक एकत्र दाखवता येते, हे आम्हाला डिसेंबरमध्ये कळलं. आईजवळच्या चार दिवसांच्या नोकरीत ३,६८० ची तूट होती. नियमाप्रमाणे तुटीची अडीच पट ९,२००, अधिक ठरावीक १६,०००, म्हणजे २५,२०० पौंड सहा महिने खात्यात असते तर ती नोकरी चालली असती. सुमारे २७ लाख. १४ लाखांची ठेव, एमाचे स्वतःचे पैसे आणि सुहासने नवीन इंजिनासाठी बाजूला ठेवलेली रक्कम धरली तर हा आकडा बाग न विकता गाठता येत होता. एप्रिलमध्ये आम्ही दोनच टोकं बघितली, एकतर सगळी रक्कम नाहीतर सगळा पगार. मधला रस्ता नियमातच लिहिलेला होता.

नोव्हेंबरमध्ये एमाच्या आईचं ऑपरेशन झालं. नोकरीचा तिसराच महिना होता. बिनपगारी रजा घेतली तर चिठ्ठीतला आकडा खाली जाईल या भीतीने तिने एकच दिवस सुट्टी काढली. पुढचे तीन आठवडे आईला शेजारच्या बाईंनी सांभाळलं. ज्या आईसाठी हा सगळा खटाटोप होता, तिच्याजवळ त्या दिवसांत ती नव्हती. मधल्या रस्त्याचं मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग मराठीत म्हणाली, "काकी, हे पुढच्या माणसाला आधी सांगा."